पातळ पात्याचा भटकंती चाकू : प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर

आराखडा आज कागदावर पक्का झाला. पातं १०० मिलिमीटर, मूठ ११५, मुठीजवळ पात्याची रुंदी २८ आणि पोलादाची जाडी ३ मिलिमीटर. जाडीच्या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबले, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं राहणार आहे.

भटकंतीचा चाकू म्हटलं की पाच-सहा मिलिमीटर जाडीचं दणकट पातं डोळ्यांसमोर येतं. ते मजबूत असतं, यात वाद नाही. पण असं पातं कापण्यापेक्षा फाकवण्याचंच काम जास्त करतं. खुंटीला टोक काढताना, जाळ पेटवण्यासाठी लाकडाचे पापुद्रे सोलताना, जाड दोर तोडताना धार आत शिरते आणि मागची जाडी अडून बसते. ओंडके फोडायला कुऱ्हाड आहे, खणायला खुरपं आहे. चाकूनं आधी नीट कापलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे आणि हा चाकू त्याच मतावर बेतला आहे.

पात्याचा उतार २० मिलिमीटर उंचीचा घ्यायचा, पाठीकडचे ८ मिलिमीटर सपाट सोडायचे. धार लावण्याआधी काठाची जाडी शेवटी ०.४ मिलिमीटर उरवायची. हिशेब मांडला तर एका बाजूचा कोन पावणेचार अंशांच्या किंचित आत येतो. स्कँडिनेव्हियन पद्धतीचा चाकू करायचा ठरवला असता, तर याच पट्टीवर एका बाजूला १२ अंशांचा उतार जेमतेम ७ मिलिमीटर उंचीचा झाला असता. तो प्रकार लाकूड कोरायला उत्तम, शिवाय अख्खा उतार दगडावर टेकवून धार लावता येते, हे मोठंच सुख. पण खोल काप घेताना त्याचा खांदा, म्हणजे उतार सपाट भागाला मिळतो ती कड, लाकडात अडतो. मला खोल काप हवा आहे.

किती पातळ जाता येईल, हे मात्र कागदावर ठरत नाही. ते पात्याला पाणी कसं चढतं, म्हणजे तापवून झटकन थंड केल्यावर ते किती कडक होतं, यावर ठरतं. पोलाद मऊ राहिलं तर पातळ धार दुमडते, गरजेपेक्षा कडक राहिलं तर तिचे टवके उडतात. त्यामुळे आकार देणं आणि पाणी देणं ही दोन कामं मी सुटी धरणार नाही.

एक सूचना इथेच लिहून ठेवते. पात्याची लांबी आणि चाकू सोबत बाळगणं याचे कायदे जागोजागी वेगळे असतात. पट्टी कापायला घेण्याआधी आपल्याकडचे नियम वाचून घ्यावेत.

८ ऑक्टोबर

पोलाद ठरलं: १०८४. नावातले पहिले दोन आकडे ते साधं कार्बन पोलाद असल्याचं सांगतात, पुढचे दोन कार्बनचं प्रमाण, म्हणजे सुमारे ०.८४ टक्के. घरगुती भट्टीवर काम करणाऱ्यासाठी याहून सोयीचं पोलाद मला माहीत नाही. कार्बन ०.७७ टक्क्यांच्या आसपास असला की पोलादाची सगळी रचना ७२७ अंश सेल्सिअसच्या पुढे एकदमच बदलायला लागते. १०८४ त्या बिंदूच्या जवळ आहे. त्यामुळे ते योग्य तापमानाला पोचलं की फार ताटकळत ठेवावं लागत नाही.

१०९५ चाही विचार केला होता. त्यात कार्बन जास्त आणि मँगनीज कमी, म्हणून ते इतकं झटपट थंड करावं लागतं की साधं तेल कमी पडतं. ओ-वन जातीच्या पोलादाला ८०० अंशांच्या आसपास दहा-पंधरा मिनिटं स्थिर उष्णता लागते. उघड्या भट्टीत नुसत्या डोळ्यांनी ती राखणं अवघड आहे. स्टेनलेसच्या बहुतेक जाती तर हजार अंशांच्या वर तापवाव्या लागतात. तिथे विजेची नियंत्रित भट्टीच हवी.

गाडीच्या जुन्या पाट्यातून किंवा झिजलेल्या कानशीतून चाकू घडवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतले कित्येक चाकू झकास असतात. माझी हरकत एवढीच, की पाटा आयुष्यभर वाकून-सरळ होऊन आलेला असतो. आतले बारीक तडे वरून दिसत नाहीत आणि पोलादाची जातही नक्की कळत नाही. काठ ०.४ मिलिमीटरवर न्यायचा असताना मला जात माहीत असलेलीच पट्टी हवी.

१२ ऑक्टोबर

आधी मऊ लाकडाचा नमुना कापून मूठ हातात धरून पाहिली. सरळ मुठीत, अंगठा पाठीवर टेकवून, छातीकडे ओढून काप घेताना, हातमोजा घालून. करंगळीखालचा फुगवटा दोन मिलिमीटरनं कमी केला, तर्जनीपुढचा खळगा थोडा उथळ केला. नमुन्यावर हे दोन मिनिटांत होतं, पोलादावर नाही.

मग नमुना पट्टीवर ठेवून सुईच्या टोकानं आखणी केली. टँग, म्हणजे मुठीतून शेवटपर्यंत जाणारा पोलादाचा भाग, पूर्ण रुंदीचा ठेवला आहे. बाहेरची रेघ हॅक्सॉनं कापली आणि कानशीनं रेघेवर आणली. पट्टी नरम करून आलेली असते, त्यामुळे हॅक्सॉ चालतो. आतल्या वळणांत एकही टोकदार कोपरा ठेवला नाही. पाणी देताना ताण अशाच कोपऱ्यात साठतो आणि चीर तिथूनच निघते. गोल कानशीनं सगळी वळणं मोकळी केली.

१३ ऑक्टोबर

भोकं. मुठीच्या पिनांसाठी ६ मिलिमीटरची दोन, एक मागे दोरीसाठी. शिवाय टँगच्या मधल्या भागात चार जास्तीची भोकं पाडली. त्यांनी मागचं वजन कमी होतं आणि दोन्हीकडचा इपॉक्सी भोकांतून एकमेकांना मिळतो. भोकं आत्ताच पाडायची. पाणी चढल्यावर साधा ड्रिल बिट पोलादावर नुसता फिरत राहतो. सेंटर पंच, मंद गती, तेलाचे थेंब आणि दोन्ही तोंडांना काऊंटरसिंक, म्हणजे भोकांच्या कडा तिरक्या.

१९ ऑक्टोबर

कानशीचं काम सुरू केलं. या प्रकल्पातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. बेल्ट ग्राइंडरवर उतार अर्ध्या तासात काढता येतो. पण ग्राइंडर जितका भराभर धातू काढतो तितक्याच भराभर जास्तीचा धातूही काढून बसतो. कानशीच्या एका हातानं इतकं थोडं निघतं की मध्येच थांबून पाहायला नेहमी सवड असते.

काठाला मार्करनं रंग देऊन त्यावर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना समांतर रेघा ओढल्या. दोन रेघांमध्ये ०.८ मिलिमीटर अंतर. पाणी देण्याआधी काठ एवढा जाड ठेवायचाच. त्याहून पातळ काठ भट्टीत आधी तापतो, जास्त तापतो, तेलात गेल्यावर लाटेसारखा वाकडा होतो किंवा चिरतो. शिवाय तापवताना पृष्ठभागावरचा कार्बन थोडा जळून जातो. ती नरम साल नंतर घासून काढायला वरचं साहित्य शिल्लक लागतं.

कोन हातानं राखण्याच्या फंदात पडले नाही. एका जाड फळीवर पातं सपाट आवळलं. कानशीच्या टोकाला सरळ सळई जोडली आणि ती फळीच्या मागच्या बाजूला उभ्या केलेल्या कडीच्या बोल्टमधून ओवली. बोल्ट वर-खाली केला की कोन बदलतो. हिशेब साधा आहे. उताराची वरची रेषा ते काठ हे अंतर २० मिलिमीटर आणि तेवढ्यात एका बाजूनं १.१ मिलिमीटर उतरायचं. म्हणून त्या वरच्या रेषेपासून ३०० मिलिमीटर मागे कानशीची रेघ पात्याच्या पृष्ठापेक्षा साडेसोळा मिलिमीटर वर हवी. बोल्ट तिथे कसला, मग पुढे हाताला फक्त ढकलायचं काम उरलं.

कानस पुढे जाताना कापते. परत आणताना ती उचलायची. दाबून मागे ओढली की दाते बोथट होतात. दात्यांत अडकलेला एखादा कण पात्यावर खोल ओरखडा उठवतो आणि तो ओरखडा पुढे पॉलिशच्या वेळी तासभर पिडतो. त्यामुळे कानशीवर आधी खडू घासला आणि थोड्या थोड्या वेळानं तारेच्या ब्रशनं दाते झाडले. खडू असला की कण चिकटत नाहीत.

काम बरोबर चाललंय का, हे आवाजावरून कळतं. कानस पूर्ण टेकली असेल तर खर्जातला सलग आवाज येतो आणि चुरा लांब कणांचा पडतो. किरकिर सुरू झाली की समजावं, कुठल्या तरी कडेवर भार येतोय. मार्करचा रंग पुसला जातो ती जागा म्हणजे कानस टेकण्याची जागा. दर थोड्या वेळानं रंग देऊन पाहिलं, की ती पट्टी काठाकडून पाठीकडे रुंद होत जाताना दिसते.

२६ ऑक्टोबर

दोन्ही उतार काठावरच्या रेघांना भिडले. व्हर्नियरनं मुठीजवळ, मध्ये आणि टोकाजवळ काठ मोजला. सगळीकडे ०.८ च्या आसपास, टोकाकडे जरासा जास्त. टोकाला पातळ भाग कमी वेळात तापतो, म्हणून तो जास्तीचा अंश तसाच राहू दिला.

हे सगळं मोजलं तर पात्यावरून निघालेलं पोलाद वीस ग्रॅमही भरणार नाही. सगळी मेहनत एवढ्याशा चुऱ्याची.

कानशीचे ओरखडे धारेला काटकोनात असतात. ते १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं पात्याच्या लांबीच्या दिशेनं पूर्ण काढले. आडवा खोल ओरखडा ही चिरेची सुरुवात असू शकते. पाठीच्या कडा पाणी देण्याआधी हलक्या गोल केल्या. फेरो रॉड, म्हणजे जाळासाठी ठिणग्या पाडायची सळई, खरवडायला त्या काटकोनात तीक्ष्ण हव्यात, पण ते काम शेवटी.

२ नोव्हेंबर

पात्याला हात लावण्याआधी आज उरलेल्या पट्टीचे तुकडे भट्टीत घातले. दोन बाजूंनी आगविटा, वर एक, मध्ये पोकळी आणि बाजूनं गॅसचा टॉर्च, एवढीच माझी भट्टी आहे. १०० मिलिमीटरच्या पात्याला ती पुरते. दार-खिडक्या सताड उघड्या ठेवल्या, कारण बंद जागेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड साठतो.

एक तुकडा चुंबक सोडेपर्यंत तापवून, त्याहून एक छटा उजळ करून तेलात बुडवला. दुसरा मुद्दाम पिवळसर नारिंगी होईपर्यंत तापवला आणि मग बुडवला. दोन्ही व्हाइसमध्ये धरून, वर जाड कापड टाकून, चष्मा लावून हातोड्यानं तोडले. कडक पोलादाचा तुकडा मोडताना उडतो, तेव्हा कापड आणि चष्मा लागतोच.

तुटलेले काठ भिंगाखाली धरले तेव्हा फरक स्वच्छ दिसला. पहिल्याची तूट राखाडी, मऊ, जवळजवळ सपाट होती. कण वेगळे दिसतच नव्हते. दुसऱ्याची तूट साखरेच्या दाण्यांसारखी चमकत होती. प्रत्येक चमक म्हणजे वाढलेला एक कण. दोघांवरही कानस घसरत होती, म्हणजे कडकपणा दोघांनाही होता. पण दुसरा तुकडा हलक्या घावात मोडला होता. कानस घसरली म्हणजे पाणी नीट चढलं असं मानून पुढे जाणं किती अपुरं आहे, हे या दोन तुकड्यांत दिसतं. पातळ धारेला कडकपणाइतकाच बारीक कण लागतो.

मग पात्याचं नॉर्मलायझिंग केलं. आधी सुमारे ८७० अंश, मग ८१५, मग ७६०. प्रत्येक वेळी बाहेर काढून हवेत काळं पडेपर्यंत थंड होऊ दिलं. माझ्याकडे तापमान रंगावरूनच ठरतं, म्हणून आकड्यांपेक्षा उतरता क्रम पाळला. कापणं आणि आवळणं यांत साठलेला ताण यात मोकळा होतो आणि कण लहान होतात. पातं सरळपट्टीवर ठेवून पाहिलं, वाकलं नव्हतं.

८ नोव्हेंबर

पाणी दिलं.

तेल कॅनोलाचं, चार लिटर, उंच आणि अरुंद लोखंडी डब्यात. डबा वाळूच्या घमेल्यात ठेवला, म्हणजे लवंडणार नाही. लोखंडाचा जाड तुकडा लाल करून त्यात बुडवला आणि तेल ५५ अंशांवर आणलं. गार तेल घट्ट असतं आणि पात्याभोवती सावकाश फिरतं. कोमट तेल पातळ होतं आणि उष्णता लवकर ओढून नेतं. डब्याचं घट्ट झाकण हाताशी ठेवलं, कारण तेलानं पेट घेतला तर त्याला हवा मिळणं थांबवायचं असतं, पाणी ओतायचं नसतं. पाणी तळाशी जाऊन वाफ होतं आणि पेटतं तेल बाहेर फेकतं. अंगावर सुती कपडे, चामड्याचे हातमोजे, पायात बंद बूट. गाडीचं जळकं तेल मी वापरत नाही, त्याच्या धुरात नको ते बरंच असतं.

संध्याकाळ होऊ दिली. उन्हात लाल रंग आहे त्यापेक्षा फिका दिसतो आणि पोलाद न कळत जास्त तापवलं जातं. सावलीत एकाच उजेडात सगळं करायचं.

पातं चिमट्यानं टँगकडून धरून आत सरकवलं आणि मागे-पुढे करत राहिले. टोक सारखं बाहेर काढून घ्यावं लागतं, नाहीतर तेच आधी पेटल्यागत होतं. आधी मंद तपकिरी लाल, मग स्पष्ट लाल. इथे जी गोष्ट दिसते ती शब्दांत पकडायचा प्रयत्न करते. लाल झालेल्या पात्यात एक काळसर सावली राहते. काठ उजळतो, टोक उजळतं, पण मध्ये जाड भागात ती सावली रेंगाळते. भट्टीची उष्णता तिथेही पोचतेच आहे. पण आतली रचना बदलायला ती खर्ची पडते, म्हणून तेवढा भाग तापत नाही आणि अंधारलेला दिसतो. हळूहळू सावली काठाकडून पाठीकडे सरकते, आक्रसते आणि एका क्षणी विरून जाते. त्यानंतर सगळं पातं एकसारखं उजळतं. डोळ्यांना इतकी खात्रीची खूण दुसरी नाही.

खात्रीसाठी चुंबकही लावून पाहिलं. निव्वळ लोखंडाचं चुंबकत्व ७७० अंशांना जातं. पातं कुठेही चिकटलं नाही. परत आत घालून रंग एक छटा वर नेला, अंदाजे ८१५ अंश. तिथे थोडा वेळ स्थिर धरलं आणि मग काढून टोकाकडून सरळ खाली तेलात.

भट्टी ते तेल हे अंतर एका पावलाचंही नको. सुमारे ५४० अंशांच्या आसपासचा टप्पा पोलादानं साधारण सेकंदाभरात ओलांडला नाही तर पर्लाइट ही मऊ रचना तयार होऊ लागते. आत गेल्यावर पातं धार आणि पाठ या दिशेत पुढे-मागे हलवलं. आडवं हलवलं की एक बाजू आधी थंड होते आणि पातं त्या अंगानं वाकतं. पृष्ठावर थोडी ज्योत उठली, लगेच विझली. आत गुरगुर ऐकू येत होती ती थांबली.

दहा-बारा सेकंदांनी बाहेर काढून काठाच्या रेषेत डोळा लावला. टोकाकडे मिलिमीटरभर डावीकडे झुकलं होतं. ही दुरुस्तीची वेळ फार थोडी असते. दोनशे-सव्वादोनशे अंशांच्या खाली गेल्यावर मार्टेन्साइट, म्हणजे पोलादाची कडक रचना, तयार होत जाते आणि तोवरच पातं हातमोज्यातल्या बोटांना ऐकतं. दोन जाड फळ्यांमध्ये दाबून किंचित उजवीकडे वळवलं आणि तसंच दाबून ठेवलं. फळ्या उघडल्या तेव्हा ते सरळ होतं. (मार्टेन्साइट हे नाव आडोल्फ मार्टेन्स या जर्मन धातुशास्त्रज्ञावरून पडलं. त्याचा जन्म १८५० चा. पोलादाच्या अंतरंगाकडे सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्या पहिल्या माणसांपैकी तो एक.)

काळी साल खरवडून काठावर कानस फिरवली. काचेवर फिरावी तशी घसरली.

हात लावता येईल इतकं कोमट होताच पातं ओव्हनमध्ये. या अवस्थेतलं पातं रात्रभर तसंच ठेवायचं नाही. आतला ताण इतका असतो की ते पडल्या जागी चिरू शकतं. २०५ अंश, दोन तास, बाहेर काढून पूर्ण थंड, मग पुन्हा २०५ अंश, दोन तास. ओव्हनच्या बटणावर विश्वास न ठेवता आत वेगळा थर्मामीटर ठेवला आणि पातं वाळूच्या ट्रेमध्ये पुरलं. ओव्हन चालू-बंद होताना आतलं तापमान बरंच वर-खाली होतं, वाळू ते झेलून घेते. १०८४ ला या तापमानाला कडकपणा मोजण्याच्या रॉकवेल मापावर साधारण ६० च्या आसपास कडकपणा राहतो. जाड पात्याच्या चाकूला मी २३० अंश दिले असते. पण पातळ काठ दुमडू नये हे मला जास्त महत्त्वाचं आहे, आणि ठोकायचं काम या चाकूकडे नाहीच.

१५ नोव्हेंबर

आता ०.८ वरून ०.४ कडे. पाणी चढलेल्या पोलादावर कानस चालत नाही, म्हणून लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर ताणून हातानं घासलं: ८०, १२०, २२०, ४००. प्रत्येक नंबरला घासायची दिशा थोडी तिरकी बदलली. आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर घेतला नाही. सुरुवातीला थोडं काम बेल्टवर केलं, पण हातमोजा न घालता. बोटांना चटका जाणवला की लगेच पाण्यात. पातळ काठावर निळा रंग उठला तर तिथलं तापमान तीनशेच्या घरात जाऊन आलेलं असतं आणि तेवढ्या जागेचं पाणी उतरलेलं असतं.

काठ ०.४ ला पोचल्यावर एका बाजूला १५ अंशांची कामचलाऊ धार लावली आणि पितळी सळईची चाचणी घेतली. ६ मिलिमीटरची सळई आडवी धरायची, धार तिच्यावर टेकवून पाठ थोडी उचलायची आणि दाब देत लांबीभर ओढायची. दिव्यासमोर धरलं तर सळईवर धार फुगते ती जागा चमकताना दिसते. सळई पुढे गेली की ती चमक नाहीशी झाली पाहिजे. ती तशीच राहिली तर धार नरम, काठाला खाचा पडल्या तर फार कडक. माझ्या पात्यावर चमक सळईबरोबर धावली आणि मागे काठ सरळ राहिला, टोकापर्यंत. हे मूठ बसवण्याआधी पाहून घ्यायचं, म्हणजे गरज पडली तर पातं पुन्हा ओव्हनमध्ये घालता येतं.

पाठीच्या कडा याच वेळी दगडावर काटकोनात आणल्या. फेरो रॉडवरून ठिणग्यांचा झोत पडतो.

२३ नोव्हेंबर

मूठ शिसवी लाकडाची. घट्ट, जड, तेलकट, पाण्यानं फारसं फुगत नाही. एकाच फळीतून शेजारशेजारचे दोन तुकडे कापून पुस्तकासारखे उघडले, म्हणजे रेषा दोन्हीकडे जुळतात. शिसवीचा भुसा कातडीला आणि छातीला त्रास देतो, त्यामुळे चांगला मास्क लावूनच काम.

फळ्यांची पुढची कड, पात्याकडे येणारी, चिकटवण्याआधीच ६०० नंबरपर्यंत गुळगुळीत केली. एकदा मूठ बसली की तिथे पात्यावर ओरखडा न उठवता घासता येत नाही. टँग आणि फळ्यांच्या आतल्या बाजू मात्र ६० नंबरनं खरबरीत केल्या. पितळी पिनाही.

चिकटवण्याआधी दोन्हीकडे अॅसिटोन. तेलकट लाकडाला तर ते लागतंच. इपॉक्सी २४ तासांत सुकणारा घेतला, पाच मिनिटांवाला ओल्यात तितका टिकत नाही. क्लॅम्प हाताच्या जोरानं फळ्या बसतील इतकेच आवळले. फार आवळले तर सगळा इपॉक्सी बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो. पुढच्या कडेला बाहेर आलेला इपॉक्सी ओला असतानाच अॅसिटोनच्या बोळ्यानं पुसला.

३० नोव्हेंबर

मूठ आकाराला आली. तळहाताशी २२ मिलिमीटर जाड, पुढे आणि मागे थोडी बारीक, छेद अंडाकृती. गोल मूठ हातात फिरते आणि अंधारात धार कुठे आहे ते कळत नाही. अंडाकृती मुठीत ते न पाहता कळतं. आकार रास्पनं, बाकी पॉलिश पेपरनं हातानं. यंत्रावर पिना तापतात आणि त्यांच्या भोवतीचा इपॉक्सी मऊ पडतो.

जवसाच्या उकळलेल्या तेलाचे पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण सुकल्यावर पुढचा. तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. मी ते उघड्यावर पसरून वाळवते आणि मगच टाकते.

६ डिसेंबर

म्यान. वनस्पतीच्या सालीनं कमावलेलं ३ मिलिमीटर चामडं. क्रोमनं कमावलेल्या चामड्यातले क्षार कार्बन पोलादाला गंजवतात. धारेच्या बाजूला दोन थरांमध्ये चामड्याची एक पट्टी शिवली, म्हणजे पातं आत जाताना टाके कापले जाणार नाहीत. आरीनं ४ मिलिमीटरवर भोकं, मेण लावलेला दोरा, दोन दाभणं दोन्हीकडून एकाच भोकातून. एका बाजूचा दोरा तुटला तरी दुसरा टाका धरून ठेवतो. तळाला पाणी निथळायला भोक. शेवटी चामडं भिजवून, चाकू प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत घातला आणि बोटांनी दाबून आकार दिला.

आल्प्समध्ये १९९१ साली सापडलेल्या, ५,३०० वर्षांपूर्वीच्या ओत्झी या बर्फात टिकून राहिलेल्या माणसाजवळ गारगोटीच्या पात्याचा छोटा खंजीर होता. मूठ अॅश झाडाच्या लाकडाची आणि सालीच्या तंतूंचं विणलेलं म्यानही. त्या माणसाच्या सोबत तांब्याची कुऱ्हाड होती, तरी चाकू वेगळा आणि लहान. कामाची ही वाटणी मला फार पटते.

१४ डिसेंबर

अखेरची धार आणि पहिलं खरं काम. दगड ४००, १०००, ३०००, मग चामड्याचा पट्टा. एका बाजूला १५ अंश. मागची जाडी ०.४ असल्यामुळे धारेचा उतार पाऊण मिलिमीटर रुंदीचा निघाला, सगळीकडे सारखा. एका बाजूनं घासताना पलीकडच्या काठावर बर, म्हणजे धातूची बारीक दुमडलेली कड, आली की बाजू बदलायची. ती लांबीभर बोटाला लागली पाहिजे, तुटक नको.

सुक्या मऊ लाकडाचे पापुद्रे काढले. पातं लाकडात शिरून चालत राहिलं, वळलेले पापुद्रे कांडीला धरून राहिले. कुठेही खांदा अडला नाही. ओल्या फांदीला टोक काढायला तीन-चार काप पुरले. जाड दोर एका ओढीत तुटला. मग मुद्दाम वाळलेल्या कठीण लाकडाची गाठ घेतली आणि धार तिच्यात मनगटाच्या पिळानं वळवली. भिंगाखाली पाहिलं तर पात्याच्या मध्यावर काठ अगदी थोडा झुकला होता. टवका नव्हता. म्हणजे पाणी ठीक आहे, कण बारीक आहेत, फक्त १५ अंश या कामाला कमी पडतात.

काठ जाड करायचं कारण नव्हतं. ०.४ तसंच ठेवून फक्त धारेचा कोन १८ अंश केला. उतार सहा दशांश मिलिमीटरवर आला. तीच गाठ, तोच पीळ. काठ सरळ राहिला आणि त्यानंतर कागद पहिल्याइतकाच सहज कापला गेला. पापुद्र्यांमध्ये फरक जाणवलाच नाही.

पातं पुसून खनिज तेलाचा हलका हात दिला. काम नसेल तेव्हा चाकू म्यानाबाहेर ठेवायचा, चामडं ओल धरतं. पुढच्या पात्यासाठी त्याच पट्टीतून १२० मिलिमीटर लांबीची आखणी करून ठेवली आहे. तिथे काठ ०.३ पर्यंत नेऊन पाहणार आहे, धार १८ अंशांचीच.